सत्तावीस सभासदांचा गृहपाठ

छप्पन्नाव्या वर्षी माणसाला गृहपाठ देऊ नये. शाळेत असताना गृहपाठ केला नाही म्हणून मी अंगठे धरून उभा राहिलोय, पण तेव्हा निदान अंगठ्यांपर्यंत हात पोहोचत होता. आता ते नुसते दिसायचे म्हटले तरी आधी पोट बाजूला करावं लागतं. पण पाकीट आलं ते रीतसर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आलं आणि त्यावर माझ्या नावाआधी ‘नियोजित अध्यक्ष’ असं छापलेलं होतं. मी चष्मेवाला आहे. ते पाकीट मी दिवसभर काउंटरवर असं ठेवलं, की नंबर काढायला आलेल्या प्रत्येकाला ते वाचावंच लागेल. एका गिऱ्हाइकाला तर मी तक्त्याची शेवटची ओळ सोडून तेच वाचायला दिलं. त्याला ‘नियोजित’ वाचता आलं, ‘अध्यक्ष’ वाचता आलं नाही. मी त्याचा नंबर वाढवून दिला.

आमचा सेवा क्लब तसा लहान. व्याख्यानं होतात, झाडं लावली जातात, लावलेल्या झाडांचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नाही. पण एक काम मात्र खरं आहे, अगदी छातीवर हात ठेवून सांगतो. वाचनालयाच्या मागे आम्हाला एक खोली मिळालीय. तिथे हॉस्पिटलच्या सहा कॉटा आहेत, चाकाच्या अकरा खुर्च्या आहेत, कुबड्या, वॉकर, हवेच्या गाद्या आहेत. ज्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय त्याने यावं, सही करावी, घेऊन जावं, बरं वाटलं की परत आणावं. गेल्या बारा वर्षांत त्या सहा कॉटा एकदाही सगळ्या एकत्र खोलीत दिसलेल्या नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू सध्या क्लबच्याच वॉकरवर चालतात. त्या चालल्या की टक, टक असा आवाज आमच्या घरापर्यंत येतो आणि मला उगाचच अध्यक्ष असल्यासारखं वाटतं.

तर पाकीट. त्यात नेतृत्व प्रशिक्षणाला येताना काय काय करून आणायचं याची चाळीस पानं होती. पहिलं, क्लबचं चिन्ह लावलेला गडद निळा कोट. दुसरं, ‘मी कोणत्या प्रकारचा नेता आहे’ ही प्रश्नावली. ती मी जेवणाच्या टेबलावर बसून भरत होतो. ‘लोक तुमचं ऐकतात का?’ या प्रश्नावर मी ‘बहुधा’वर खूण करत असतानाच आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, तो पसारा उचला, ताटं घ्यायचीत.” मी पसारा उचलला. तिने जाता जाता कागदावर नजर टाकली आणि ‘बहुधा’ खोडून ‘क्वचित’वर खूण केली. पेनाने!

तिसरं कलम मात्र नाकी नऊ आणणारं होतं. नियोजित अध्यक्षाने प्रत्येक सभासदाची त्याच्या घरी जाऊन भेट घ्यावी, ‘तुम्हाला क्लबकडून काय हवं आहे’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तराखाली त्याची सही आणावी. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी ज्या क्लबात वीसपेक्षा कमी सभासद असतील त्याची मान्यता रद्द होईल. ही ओळ मी मोठ्या मनाने वाचून सोडून दिली. आमच्या यादीत सत्तावीस होते.

मी यादी घ्यायला आमच्या सेक्रेटरींकडे गेलो. हे वयाने शहात्तर, कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि क्लबचे सेक्रेटरी तीस वर्षं. अध्यक्ष दरवर्षी बदलतो, सेक्रेटरी बदलत नाहीत. कलम तीन ऐकून ते एकदम गंभीर झाले.

“घरोघर जाणार?” त्यांनी विचारलं.

“लिहिलंय तसं.”

“अहो, लिहायला काय लिहितात. मी भरून देतो ना. दरवर्षी मीच भरतो.”

“उत्तरंसुद्धा?”

“सह्यासुद्धा,” ते म्हणाले, आणि अतिशय प्रेमाने म्हणाले. “तुम्ही कोट शिवायला टाका.”

मी थक्क झालो. म्हणजे मागच्या वर्षी माझीही सही यांनीच केली असणार, आणि मला क्लबकडून काय हवंय तेही यांनीच ठरवलं असणार! मला भलताच राग आला. घरी आल्या आल्या मी काकूंना सांगितलं. काकू म्हणजे आमच्या इमारतीचं वर्तमानपत्र, आणि वॉकर आल्यापासून त्याची सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा आवृत्ती निघते. त्या म्हणाल्या, “तू जा. पण आधी कोट शिवून घे. कोट नसला तर तुला कुणी दारात उभं करणार नाही.” मग वरच्या मजल्यावरून, शेजारच्या दारातून, जिन्यातून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं फोनवर विचार, कुणी म्हणालं जेवायच्या वेळेला जा, म्हणजे नक्की घरी भेटतील. बायकोने एकच सांगितलं, “सह्या खऱ्या आणा, नाहीतर जाऊच नका.”

शिंपी आमच्या गल्लीतलाच. त्याने माप घेताना पोट आत ओढू दिलं नाही. “साहेब, कोट उभ्या माणसासाठी असतो, श्वास कोंडलेल्या माणसासाठी नव्हे,” असं म्हणाला. एवढा जाणता माणूस! आणि कोट घातला तर क्लबचं चिन्ह उजव्या खिशावर. “आरशातल्या माणसाकडे बघा, त्याच्या डावीकडेच आहे,” हे त्याचं म्हणणं होतं. त्याने मला खरंच आरशासमोर उभं केलं, आणि आतल्या माणसाच्या खरंच डावीकडे दिसलं. मी ‘बरं’ म्हणून घरी आलो. नेतृत्वाची प्रश्नावली त्या दिवशी हाताशी असती तर मी ‘क्वचित’सुद्धा खोडलं असतं.

चिन्ह उसवून, डावीकडे लावून, मी मोहिमेवर निघालो. पहिले सभासद दातांचे डॉक्टर. घरी नव्हते म्हणून दवाखान्यात गेलो. त्यांनी मला काही बोलू न देता खुर्चीत झोपवलं, तोंड उघडायला लावलं आणि आत आरसा घातला.

“बोला, काय हवंय?” ते म्हणाले.

“आ... आआ... आअअ?” मी विचारलं. म्हणजे, तुम्हाला क्लबकडून काय हवं आहे.

“ही खालची दाढ गेलीय,” ते म्हणाले. दाढ वाचवायची की काढायची यावर आमची एकतर्फी चर्चा झाली. शेवटी तोंड बधिर झाल्यावर मी कागद पुढे केला. ते बघतच राहिले. “मी सहा वर्षांपूर्वी राजीनामा दिलाय हो! लेखी!” घरी आलो तो एक दाढ कमी आणि एक सभासद कमी.

पुढचे दोन सभासद म्हणजे एकच गृहस्थ निघाले. यादीत एकदा त्यांचं कागदोपत्री नाव होतं आणि एकदा सगळे हाक मारतात ते. क्रमांक नऊ आणि क्रमांक सतरा. त्यांनी मात्र माणुसकी दाखवली, दोन्ही अर्ज भरायची तयारी दाखवली. नवव्याला क्लबकडून सहल हवी होती, सतराव्याचा सहलींना सक्त विरोध होता.

मग बदलीवर गेलेले कळले. एक, दोन, करता करता पाच! एकाच्या घरात तर दुसरंच कुटुंब राहत होतं. त्यांना सभासद म्हणून गेली तीन वर्षं आमची पत्रं येत होती आणि ती वाचून त्यांनी गच्चीत झाडंही लावली होती. मला आता चक्कर यायला लागली होती. सत्तावीस वजा सात म्हणजे बरोबर वीस. आकडा तर काठावर आला, पण बुडाला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी घड्याळजींच्या घरी गेलो. भिंतीवरची, मनगटावरची, कुठलीही बंद पडलेली घड्याळं चालू करणारा माणूस. दोन-चार वर्षांत बैठकीला दिसले नव्हते, पण न दिसणारे काय थोडे होते! दार वहिनींनी उघडलं. मी कोट सारखा केला आणि म्हणालो, “घड्याळजी आहेत का?”

“तुम्हाला माहीत नाही?” त्या म्हणाल्या. “चार वर्षं झाली.”

हातातली फाईल खाली पडली, कागद दारात विखुरले, आणि ते गोळा करायला मी वाकलो तर नव्या कोटाची पाठीची शिवण टर्रकन उसवली. त्या बाई, ज्यांचा नवरा जाऊन चार वर्षं झाली आणि ज्यांच्या दारात मी त्याला हाक मारायला आलो होतो, त्या सुईदोरा घेऊन आल्या. मी शरमेने अर्धा झालो. त्या माझी पाठ शिवत होत्या आणि मी भिंतीकडे तोंड करून माफी मागत होतो.

“शेवटचे सात महिने तुमच्याच क्लबच्या कॉटवर होते,” त्या म्हणाल्या. “कॉट परत करायला मीच आले होते. तिथे म्हाताऱ्याशा एका गृहस्थांनी माझी सही घेतली. ते नुसते रडले.”

म्हणजे सेक्रेटरींना माहीत होतं!

“ह्यांना काय विचारायचं होतं?” वहिनींनी दोरा तोडत विचारलं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी कागद घेतला, प्रश्न वाचला आणि पेन मागितलं. ‘कॉटा वाढवा,’ असं लिहिलं. सही मात्र स्वतःची केली.

त्यानंतर मी धीर करून यादीतल्या बाकीच्या न दिसणाऱ्यांकडे गेलो. चित्रकलेचे मास्तर, दोन वर्षांपूर्वी. रंगाच्या दुकानाचे मालक, तीन वर्षांपूर्वी. आगगाडीचे गार्ड होते ते, पाच वर्षांपूर्वी. मी तीन दारांत तीनदा तोच वेडगळ प्रश्न विचारला नाही एवढंच, शेजाऱ्यांकडून आधी समजून घेतलं. चौघं! चार माणसं जगातून गेली आणि आमच्या यादीतून हलली नाहीत. सत्तावीसचे सोळा झाले. प्रशिक्षणाला नऊ दिवस राहिले होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी तसाच सेक्रेटरींच्या घरी जाऊन थडकलो. काय काय बोललो ते आता आठवलं की लाज वाटते. तुम्ही क्लबला फसवलंत म्हणालो, मेलेल्या माणसांच्या सह्या केल्यात म्हणालो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “आकड्यासाठी नाही हो केलं. आकडा तेव्हा भरपूर होता.” पुढे म्हणाले, “नाव खोडायला बसायचो. हात चालायचा नाही. म्हणायचो, पुढच्या महिन्यात खोडू.” माझा सगळा आवेश गेला. मी एवढंच म्हणालो, “या वेळी यादी खरी द्या. माझ्यासाठी द्या.” त्यांनी मान हलवली.

आता चार माणसं हवी होती. नाहीतर मान्यता जाणार, मान्यता गेली की वाचनालय खोली परत मागणार, आणि सहा कॉटा, अकरा खुर्च्या कुठे ठेवायच्या, आमच्या दिवाणखान्यात? आणि इतिहासात लिहिलं जाणार, की क्लब तीस वर्षं चालला आणि हा चष्मेवाला अध्यक्ष होता होता बुडाला.

मी गल्लीत, दुकानात, जिन्यात माणसं विचारत सुटलो. नंबर काढायला आलेल्यांनी नंबर न काढताच पळ काढला. शिंपी म्हणाला, “कोट मलाही शिवावा लागेल का?” नाही म्हटल्यावर नाराज झाला, हो म्हटल्यावर सही केली. वहिनींना फोन करायला माझी जीभ रेटेना, तर त्यांचाच आला, की कॉटा वाढवा म्हणून लिहिलं तर त्याला माणसं लागतील ना, मी येते. बायको अर्जावर सही करताना म्हणाली, “तुम्ही अध्यक्ष आणि मी सभासद, हे फक्त बैठकीत.” राहिली एक. खालून टक, टक, टक असा आवाज वर आला. काकू शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा जिना चढल्या होत्या. घामाघूम झालेल्या. “सगळ्या गल्लीला विचारलंस,” त्या दम खात म्हणाल्या, “आणि ज्या बाईच्या हातात तुझा वॉकर आहे तिला विचारलं नाहीस! मेल्या, आण तो कागद.” मला एकदम भरून आलं. वीस!

सेक्रेटरींनी आदल्या दुपारी सुनेच्या संगणकावर बसून वरच्या कार्यालयाची यादी दुरुस्त केली. चार नवे घातले, गेलेले काढले, आणि माझ्या नावापुढे ‘नियोजित अध्यक्ष’ भरलं. मला फोन करून सांगितलं, “झालं. सगळं खरं.” मी निर्धास्त झालो.

प्रशिक्षणाचं सभागृह मोठं. साठ-सत्तर निळे कोट. सगळ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले. दारातल्या टेबलावर माझा बिल्ला काही सापडेना. तिथल्या बाईंनी पेटी दोनदा उलटी केली आणि म्हणाल्या, “मधल्या सुट्टीत बघू, आता आत बसा, सुरू होतंय.” बिनबिल्ल्याचा मी, माझ्यासोबत आलेल्या सेक्रेटरींशेजारी जाऊन बसलो. अपमान झालाच होता, पण तो किती लहान होता ते पुढे कळलं.

प्रमुख पाहुणे म्हणजे आमच्या सगळ्या क्लबांचे मुख्य. ते गंभीर आवाजात म्हणाले, की सुरुवातीला या वर्षात आपल्याला सोडून गेलेल्या सभासदांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू. सगळे उठले. ते नावं वाचू लागले. तीन नावं झाली. चौथं नाव माझं होतं.

मला वाटलं, नावासारखं नाव असेल. पण मग त्यांनी क्लब वाचला, व्यवसाय वाचला, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “विशेष दुःखाची गोष्ट म्हणजे ते नियोजित अध्यक्ष होते. आज ते आपल्यात असायचे.” सगळ्या सभागृहातून ‘च्च, च्च’ असा आवाज आला.

मी सेक्रेटरींकडे बघितलं. त्यांचे डोळे पांढरे झाले होते. “खालची ओळ,” ते पुटपुटले. “पदाच्या खालची ‘दिवंगत’ची ओळ दाबली गेली वाटतं मघा... काल...” उजव्या बाजूचा अनोळखी कोट माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, “फार वाईट झालं हो. वय काय असेल?”

“छप्पन्न,” मी म्हणालो.

“जाण्याचं वय नाही,” तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

दोन मिनिटं. मी स्वतःसाठी दोन मिनिटं उभा राहिलो! मधे बोलावं तर श्रद्धांजलीत व्यत्यय, आणि मेलेल्या माणसाबद्दल एवढा आदर तर पाळायलाच हवा. सत्तर अनोळखी माणसं माझ्यासाठी डोळे मिटून उभी होती. मला वाईट वाटायला लागलं. खरंच बरा माणूस होतो, असं वाटायला लागलं. आणि मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मी मेलो तर आम्ही एकोणीस! एका माणसापायी क्लब बुडाला!

“बसा,” मुख्य म्हणाले. सगळे बसले. मी उभाच.

“आपणही बसा.”

“साहेब,” मी म्हणालो, आणि दाढ काढल्यानंतर माझा आवाज इतका मोठा पहिल्यांदाच निघाला, “आत्ता आपण ज्याच्यासाठी उभे राहिलात तो चौथा मी आहे. मी गेलेलो नाही. मला धरून आमचे वीस होतात, मला सोडू नका.”

शेजारचा कोट चार बोटं लांब सरकला. दारातल्या बाई यादी घेऊन धावत आल्या. मुख्य यादीत बघत होते, माझ्याकडे बघत होते, पुन्हा यादीत बघत होते. “यात तर दिवंगत असंच आहे,” ते म्हणाले. “आणि बदल्या-राजीनामे सोडून काल तुमच्याकडचे आणखी चार जण स्वेच्छेने बाहेर पडलेत?”

“कोण चार?” मी विचारलं. त्यांनी वाचलं. घड्याळजी, मास्तर, रंगवाले, गार्ड. स्वेच्छेने! मी सेक्रेटरींकडे वळलो.

“दिवंगत नाही भरवलं,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “बोट तिथवर नेलं होतं. नाही भरवलं.”

बिचाऱ्यांनी चौघांसाठी तो शब्द टाळला आणि तो मला येऊन चिकटला. सभागृहात कुणीतरी हसलं, मग दोघं-तिघं हसले, मुख्यही हसायच्या बेतात होते. दिवसभर चालणारा विनोद मिळाला होता त्यांना. पण मला हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर वहिनी होत्या, सुईदोरा घेऊन.

“साहेब, माझी चूक दुरुस्त करा. मग हसू,” मी म्हणालो. “पण आमचे ते चौघं बाहेर पडलेले नाहीत, गेले आहेत. कुणी दोन वर्षांपूर्वी, कुणी पाच. त्यांच्यासाठी या सभागृहात कधी कुणी उभं राहिलेलं नाही. माझ्यासाठी राहिलात. ती दोन मिनिटं माझी नव्हती. ती त्यांना द्या.”

हसू थांबलं. मुख्यांनी यादी खाली ठेवली आणि ते आधी उठले. मग पहिली रांग उठली, मग सगळं सभागृह उठलं. शेजारचा कोटही उठला.

“नावं वाचा,” ते मला म्हणाले.

“आमचे सेक्रेटरी वाचतील,” मी म्हणालो.

सेक्रेटरी उठले. त्यांच्या हातात कागद नव्हता. त्यांनी पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं, तिसऱ्याला आवाज फाटला, चौथं अगदी हळू घेतलं. मग आणखी एक श्वास घेतला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि सत्तर माणसांच्या देखत माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला ते दोन मिनिटं सोडवता आलं नाही.